प्रकल्प नोंदी: कंपायलरला हाक कुठल्या नावानं मारायची

काम: जुन्या फाँटांमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं आमचं साधन. गाभा सीमध्ये, वरचा भाग सी++मध्ये. आजवर डेबियनवरच (लिनक्सचा एक प्रकार) बिल्ड व्हायचं, म्हणजे कंपायलर सोर्सचा चालता प्रोग्रॅम बनवायचा. आता तेच सोर्स लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी, विंडोज आणि अँड्रॉइडवर बिल्ड झालं पाहिजे, आणि वापरणाऱ्याला मेकफाइल (बिल्डच्या पायऱ्यांची, ‘मेक’ हा प्रोग्रॅम वाचतो ती फाइल) उघडून हात घालायची वेळ येता कामा नये.

४ ऑगस्ट २०२५

फ्रीबीएसडी वापरणाऱ्या एकांचा निरोप आला: पहिल्याच पायरीला बिल्ड थांबतं, ‘जीसीसी’ (ग्नू प्रकल्पाचा कंपायलर) नावाची कमांडच नाही म्हणे. बरोबर आहे त्यांचं. फ्रीबीएसडी १०.० आली जानेवारी २०१४ मध्ये, आणि तेव्हापासून नेहमीच्या पीसीवर मूळ सिस्टिमसोबत क्लँग हा दुसरा कंपायलर येतो. तो ‘सीसी’ या नावानं हाक मारली की धावून येतो. जीसीसी हवाच असेल तर पोर्ट्समधून (वरून बसवायच्या प्रोग्रॅमांच्या संग्रहातून) घ्यायचा, पण तिथे त्याचं नाव ‘जीसीसी१३’, मध्ये रेघ नाही. डेबियनवर तोच प्रकार ‘जीसीसी-१२’, मध्ये रेघ. मॅकवर होमब्रूनं (प्रोग्रॅम बसवायच्या साधनानं) आणलेला ‘जीसीसी-१५’, तोही रेघेसकट. ओपनबीएसडीच्या पोर्ट्समध्ये तर ‘ईजीसीसी’ आणि ‘ईजी++’.

आमच्या मेकफाइलच्या पहिल्या ओळीत ‘सीसी = जीसीसी’ असं ठोकून दिलेलं होतं. ती ओळ काढली. ग्नू मेकला सीसी व्हेरिएबल (कंपायलरचं नाव ठेवायची जागा) आपण दिलं नाही, तर तो स्वतःहून ‘सीसी’ कमांड चालवतो, आणि ती युनिक्सच्या घराण्यात जवळपास सगळीकडे सापडते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी लिहिलेल्या कंपायलरचं हे नाव. पन्नास वर्षं उलटून गेली तरी तेच चालू आहे.

बऱ्याच प्रकल्पांत ‘सीसी ?= जीसीसी’ असं लिहिलेलं दिसतं. हेतू असा की वापरणाऱ्यानं काही दिलं नसेल तर जीसीसी घे. ग्नू मेकमध्ये त्या ओळीचा काहीएक परिणाम होत नाही, कारण सीसी व्हेरिएबलला मेकनं आधीच आपली किंमत दिलेली असते आणि ‘?=’ ते रिकामं नाही म्हणून गप्प बसतो. मेकला त्या व्हेरिएबलचं ‘ओरिजिन’ (किंमत कुठून आली ते) विचारलं तर तो ‘डीफॉल्ट’ असं उत्तर देतो. तेव्हा अट घालायचीच असेल तर ती ओरिजिनवर घालावी लागते.

आणखी एक. मेकफाइलमध्ये साध्या ‘=’नं दिलेली किंमत शेलमधून एक्सपोर्ट केलेल्या किमतीवर मात करते, पण ‘मेक’ शब्दापुढे लिहून दिलेली किंमत मेकफाइलवर मात करते. म्हणून ‘मेक सीसी=क्लँग’ चालायचं आणि आधी एक्सपोर्ट केलेलं सीसी चालायचं नाही. हे वापरणाऱ्याला कधी कळणार? ओळ काढल्यामुळे आता दोन्ही चालतं.

६ ऑगस्ट

विंडोज. ‘सीसी’वर सोपवलेलं इथे लगेच अडलं. जुन्या मिंगडब्ल्यूमध्ये (विंडोजसाठीचा जीसीसीचा संच) ‘जीसीसी.ईएक्सई’ आहे, ‘सीसी.ईएक्सई’ नाही. मेक ‘सीसी’ चालवायला जातो आणि प्रोसेसच सुरू होत नाही. पडद्यावर जो संदेश येतो त्यावरून कंपायलरच्या नावाची भानगड आहे हे नवख्याला उमगणं अवघड. एमसिस२ या विंडोजवरच्या साधनांच्या नव्या संचात ‘सीसी.ईएक्सई’ दिलेलं आहे, पण छापखान्यांतल्या आमच्या वापरकर्त्यांकडे जुनेच संच आहेत आणि ते बदला असं त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

ओरिजिन डीफॉल्ट आहे आणि ‘ओएस’ व्हेरिएबलमध्ये ‘विंडोज_एनटी’ आहे, अशा दोन्ही गोष्टी जमल्या तरच ‘जीसीसी’ घ्यायचं. अट सोपी आहे, पण ती लिहायची रीत ग्नू मेकची. फ्रीबीएसडीवर नुसतं ‘मेक’ म्हणजे बीएसडी मेक, त्याला ही अट वाचता येत नाही. तिथे ग्नूचा मेक ‘जीमेक’ नावानं मिळतो. म्हणून ठरवलं की मुख्य मेकफाइल साधी ठेवायची, दोन्ही मेकना समजेल अशी, आणि विंडोजची अट वेगळ्या छोट्या फाइलमध्ये.

९ ऑगस्ट

नागपूरच्या सहकारीणीनं मॅकवर बिल्ड करून पाहिलं. ‘जीसीसीवरच केलंय, तरी ओपनएमपी चालत नाही,’ असं तिचं म्हणणं. (ओपनएमपी म्हणजे काम अनेक धाग्यांवर वाटायची सोय.) तिला ‘जीसीसी --व्हर्जन’ चालवायला सांगितलं. उत्तर आलं: ॲपल क्लँग. २०१३च्या एक्सकोड ५पासून (ॲपलचा प्रोग्रॅमिंगचा संच) मॅकवर असंच आहे. जीसीसीच्या नावानं लिहिलेल्या हजारो जुन्या मेकफाइल मोडू नयेत म्हणून नाव ठेवलं, आत क्लँग बसवला. ॲपलच्या दृष्टीनं ते समजण्यासारखं आहे. पण आमची बिल्ड स्क्रिप्ट नावात ‘जीसीसी’ दिसलं की ‘-एफओपनएमपी’ हा फ्लॅग (कमांडला द्यायची सूचना) लावायची, आणि ॲपलचा क्लँग तो फ्लॅग सरळ नाकारतो.

म्हणजे नावावरून काहीही ठरवायचं नाही. यापुढे स्क्रिप्ट दोन-चार ओळींची फाइल कंपाइल करून बघेल: फ्लॅग चालला तर लावायचा, नाही तर एकाच धाग्यावर काम करायचं. कंपायलर कोणता हे जाणायची गरज पडलीच, तर त्यानं आत जाहीर केलेले मॅक्रो (ठरलेली नावं) वाचायचे. सीमेक (बिल्डच्या फाइल बनवणारं साधन) हेच करतो. पण तिथेही क्रम महत्त्वाचा. क्लँग स्वतःला ग्नू ४.२ म्हणूनही जाहीर करतो, कारण ग्नूसाठी लिहिलेले हेडर (फंक्शनांची नावं जाहीर करणाऱ्या फाइल) त्याला चालवायचे असतात. म्हणून आधी ‘क्लँग आहेस का’ विचारायचं, मग ‘ग्नू आहेस का’. उलट क्रमानं विचारलं तर दोघंही हो म्हणतात.

जाता जाता पाहिलेलं: ‘क्लँग++’ ही बहुतेक ठिकाणी ‘क्लँग’लाच जोडलेली लिंक असते. प्रोग्रॅम एकच, आपल्याला कुठल्या नावानं बोलावलं ते तो बघतो आणि त्यावरून सी++ची लायब्ररी जोडायची की नाही ते ठरवतो. ‘क्लँग-सीएल’ नावानं बोलावलं तर तोच प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचे फ्लॅग घेऊ लागतो. म्हणून ही लिंक वेगळ्या नावानं कुठे कॉपी करून ठेवू नये, असं वाचा-फाइलमध्ये लिहिलं.

१३ ऑगस्ट

आजचा सगळा दिवस ‘जीसीसी-१५’मागे गेला, आणि या कामातला सगळ्यात मोलाचा धडा इथे मिळाला.

डेबियन १२वर जी फाइल मुकाट कंपाइल होते, ती होमब्रूच्या जीसीसी-१५वर अडते. फाइल फाँटांच्या तक्त्यांची आहे, जुनी. वर ‘टाइपडेफ अनसाइन्ड चार बूल’ अशी ओळ आणि खाली ‘व्हॉइड (*बदल)()’ असे रिकाम्या कंसांचे फंक्शन पॉइंटर. दोन्ही गोष्टी जुन्या सीमध्ये चालायच्या. जीसीसी १५ मात्र काही सांगितलं नाही तर सी२३ धरून चालतो. सी२३मध्ये ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द आहे, आणि रिकामे कंस म्हणजे ‘एकही आर्ग्युमेंट नाही’ (फंक्शनला काहीच द्यायचं नाही). त्यामुळे आमच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ चूक ठरली.

कमांडचं नाव तेच, पण ती कोणती सी भाषा वाचते हे आवृत्तीगणिक बदलत गेलंय. जीसीसी ५ (२०१५) येईपर्यंत १९८९-९०ची सी ग्नूच्या भरीसकट. ५पासून सी११, ८पासून सी१७, आणि २०२५च्या १५पासून सी२३. कंपायलर करणाऱ्यांनी हे जाहीर करून केलंय, त्यांना दोष नाही. स्टँडर्ड न सांगता ‘सीसी’ चालवणं म्हणजे भाषा कोणती ते समोरच्या मशीनवर सोडून देणं, एवढं मात्र पक्कं झालं.

यावर उपाय फार पूर्वी सुचवलेला आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. १९९२च्या पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमचं स्टँडर्ड) कमांडविषयक भागात ‘सी८९’ ही कमांड आली. ‘सीसी’ जाणूनबुजून घेतलं नाही, कारण तेव्हा अनेक सिस्टिमवर ‘सीसी’ म्हणजे स्टँडर्डच्या आधीची सी होती आणि लोकांचे प्रोग्रॅम तिच्यावर उभे होते. जुन्याला धक्का नको, म्हणून नव्या भाषेला नवं नाव. १९९७च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनमध्ये ‘सीसी’वर ‘लेगसी’ असा शिक्का बसला. २००१मध्ये ‘सी९९’ आलं आणि पॉझिक्सच्या मेकनं सीसी व्हेरिएबलची ठरीव किंमतच ‘सी९९’ केली. २०२४च्या आवृत्तीत त्या जागी ‘सी१७’ आहे. नावातच भाषा असल्यामुळे कमांड वाचली की कोड कुठल्या काळाचा ते कळतं. याहून सरळ नाव मला दुसरं माहीत नाही.

डेबियनवर ‘सी९९’ ही काही ओळींची शेल स्क्रिप्ट आहे. ती ‘-एसटीडी=सी९९’ लावून जीसीसीला बोलावते, आणि तुम्ही दुसरं स्टँडर्ड द्यायला गेलात तर काम न करता बाहेर पडते. मॅकवर आणि फ्रीबीएसडीवरही ‘सी९९’ आहे. विंडोजवर भरवसा नाही, म्हणून कमांडचं नाव आम्ही वापरू शकत नाही. पण तिच्यामागची शिस्त घेता येते. मेकफाइलमध्ये ‘-एसटीडी=सी९९’ कायमचं घातलं.

ते घालताच दुसरीकडे अडलं. कडक सी९९ म्हटलं की लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीचे हेडर ‘स्टर्डप’, ‘फाइलनो’ अशी फंक्शन लपवतात, कारण ती सी९९मध्ये नाहीत, पॉझिक्समध्ये आहेत. जीसीसी १२ अशा वेळी इशारा देऊन पुढे जातो. १४पासून जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही चूकच धरली जाते. ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ला ‘२००८०९एल’ किंमत दिली आणि चारही कंपायलर गप्प झाले. ‘-एसटीडी=ग्नू९९’ लिहून हे एका फटक्यात सुटलं असतं, पण मग आपण कोणत्या स्टँडर्डच्या कोणत्या गोष्टी वापरतोय ते कुठेच नोंदलं गेलं नसतं. तक्त्यांच्या फाइलमधली ‘बूल’ची ओळ काढून स्टँडर्ड हेडर घातलं, आणि फंक्शन पॉइंटरना पूर्ण आर्ग्युमेंट लिहिली. सी९९वर अडकून राहायचं नाही, पुढेही जाता आलं पाहिजे.

१४ ऑगस्ट

छोटी नोंद. ऑटोकॉन्फ या साधनानं बनवलेली ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट (बिल्डआधी मशीन तपासणारी) वाचत होतो. सी कंपायलर शोधताना ती आधी ‘जीसीसी’ बघते, मग ‘सीसी’. पण मिळालेलं ‘सीसी’ जर ‘/यूएसआर/यूसीबी/सीसी’ असेल तर ते नाकारते. सोलारिस (सन कंपनीची युनिक्स) २पासून सननं कंपायलर वेगळा विकायला काढला आणि त्या जागी एक फाइल ठेवली, जी फक्त ‘भाषेचं ऐच्छिक पॅकेज बसवलेलं नाही’ अशा अर्थाचा संदेश द्यायची. एचपी-यूएक्ससोबत (एचपीची युनिक्स) ‘सीसी’ खरंच यायचं, पण ते स्टँडर्डच्या आधीची सी वाचणारं, कर्नल पुन्हा लिंक करण्यापुरतं. पुरा कंपायलर विकत घ्यावा लागायचा. जीसीसी इतका पसरला त्यात या धोरणाचा मोठा वाटा आहे. सोलारिस कोणी पाहिलेलं नसतानाही आजच्या प्रत्येक कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये ती तपासणी जशीच्या तशी आहे. कुणीतरी एकदा अडलं, आणि पुढच्या सगळ्यांची वाट मोकळी करून गेलं. असं काम मला फार थोर वाटतं.

१८ ऑगस्ट

सी++चा भाग. इथली नावं सीपेक्षाही विखुरलेली. कारण साधं: ‘+’ हे चिन्ह सगळीकडे चालत नाही. डॉसच्या ८.३ फाइलनावात त्याला मनाई, म्हणून डीजेजीपीपीमध्ये (डॉसवरचा जीसीसी) ‘जी++’च्या जागी ‘जीपीपी’ आणि ‘जीएक्सएक्स’. शेलच्या व्हेरिएबलच्या नावातही ‘+’ बसत नाही, म्हणून मेकमध्ये ‘सीएक्सएक्स’. सननं ‘+’ टाळून कॅपिटल ‘सीसी’ असं सी++ कंपायलरचं नाव ठेवलं, आयबीएमनं आपल्या एआयएक्स युनिक्सवर ‘एक्सएलसी’मधला शेवटचा सी कॅपिटल केला, एचपीनं पुढे ‘ए’ लावून नंतरचे दोन सी कॅपिटल ठेवले.

क्रेच्या महासंगणकांवर स्मॉल ‘सीसी’ म्हणजे सी, कॅपिटल ‘सीसी’ म्हणजे सी++, आणि फोर्ट्रानला ‘एफटीएन’. पुण्याच्या आयआयटीएममध्ये (उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था) २०१८ साली सुरू झालेला ‘प्रत्युष’ हा क्रे एक्ससी-४०. हवामानाची मॉडेल कंपाइल करणाऱ्यांना ही तीन नावं तोंडपाठ असतात. तिथे यांतली एकही कमांड प्रत्यक्ष कंपायलर नसते. आपण जे मॉड्यूल लोड केलं असेल त्याचा कंपायलर, क्रेचा, इंटेलचा किंवा ग्नूचा, ती मागून बोलावते आणि लागणाऱ्या लायब्ररी स्वतः जोडते. माझ्या मते इतक्या नावांमध्ये हीच रचना सगळ्यात विचारपूर्वक केलेली आहे: नाव फक्त भाषा सांगतं, बाकीचं वातावरण ठरवतं.

अडचण फाइल सिस्टिमची. मॅक आणि विंडोज ठरीव मांडणीत कॅपिटल-स्मॉल यांत फरक करत नाहीत. कॅपिटल ‘सीसी’ मागा, स्मॉल ‘सीसी’च मिळेल. आणि सी कंपायलरला सी++ची फाइल दिली तर तो एक्स्टेन्शन बघून ती नीट कंपाइलही करतो. लिंक करताना (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) मात्र सी++ची लायब्ररी जोडत नाही आणि ‘एसटीडी’मधली नावं सापडत नसल्याची भली मोठी यादी येते. ती यादी दिसली की कोड तपासत बसू नका, आधी लिंक कोणत्या कमांडनं झालं ते बघा. हेच वाचा-फाइलमध्येही घातलं.

एक्स्टेन्शनचंही तेच. जीसीसीला कॅपिटल ‘.सी’ म्हणजे सी++ आणि स्मॉल ‘.सी’ म्हणजे सी. आमच्या दोन जुन्या फाइल कॅपिटल ‘.सी’च्या होत्या, त्यांची नावं ‘.सीपीपी’ केली. बाकी ‘सीपीपीफ्लॅग्ज’ हे व्हेरिएबल सी++साठी नाही, प्रीप्रोसेसरसाठी आहे. ‘_पॉझिक्स_सी_सोर्स’ त्यातच गेलं, कारण ते सी आणि सी++ दोन्हींना लागतं.

२३ ऑगस्ट

लिनक्सवर बसून विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बिल्ड. इथे नाव लांबतं, पण वाचता आलं तर त्यात सगळी माहिती असते. ‘एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२-जीसीसी’: पहिला तुकडा प्रोसेसर, दुसरा बनवणारा, तिसरा सिस्टिम, शेवटचा साधन. ‘मिंगडब्ल्यू३२’ पाहून हे ३२ बिटांचं आहे असं समजू नये. तो फक्त सिस्टिमचा जुना शिक्का आहे, बिट पहिला तुकडा सांगतो. ३२ बिटांसाठी ‘आय६८६-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२-जीसीसी’. डेबियनवर मागे ‘-पॉझिक्स’ किंवा ‘-विन३२’ अशी शेपटीही असते, ती थ्रेड कुठल्या पद्धतीचे हे सांगते. आम्हाला सी++चे थ्रेड लागतात, म्हणून ‘-पॉझिक्स’ घेतलं.

अँड्रॉइडच्या एनडीकेमध्ये (सी, सी++साठीचा साधनसंच) ‘एआर्च६४-लिनक्स-अँड्रॉइड२१-क्लँग’. यातला २१ हा एपीआयचा आकडा, म्हणजे अँड्रॉइड ५.०पासून पुढे. किमान आवृत्ती कंपायलरच्या नावातच बांधून टाकल्यामुळे ती विसरता येत नाही, उत्तम सोय. ३२ बिटांच्या आर्मसाठी मात्र कमांड ‘आर्मव्ही७ए-लिनक्स-अँड्रॉइडईएबीआय२१-क्लँग’ आणि लायब्ररींचा फोल्डर ‘आर्म-लिनक्स-अँड्रॉइडईएबीआय’. एकाच्या नावावरून दुसऱ्याचं नाव स्क्रिप्टनं बनवलं तर फोल्डर सापडणार नाही. दोन्ही नावं हातानं लिहिली. शिवाय ग्नू ज्याला ‘एआर्च६४’ म्हणतं त्याच प्रोसेसरला डेबियनचं पॅकेज, ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ‘आर्म६४’ म्हणतात.

याच कामावर अगदी वेगळा तोडगा बेल लॅब्सच्याच प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होता. प्रत्येक प्रोसेसरला एक अक्षर किंवा आकडा: ३८६ला ८, एएमडी६४ला ६, आर्मला ५. मग कंपायलर ‘८सी’, ‘६सी’, ‘५सी’, लिंकर ‘८एल’, ऑब्जेक्ट फाइलचं एक्स्टेन्शनही ‘.८’. सगळे कंपायलर शेजारी शेजारी बसलेले, क्रॉस (दुसऱ्या मशीनसाठी) आणि नेटिव्ह (त्याच मशीनसाठी) असा भेदच नाही. गो भाषेनं हेच घेतलं होतं, ‘६जी’, ‘८जी’ अशी नावं होती. ऑगस्ट २०१५च्या गो १.५मध्ये ती काढून एकच ‘कंपाइल’ कमांड केली आणि प्रोसेसर व्हेरिएबलमधून घ्यायला लागले. आकडे पाठ असणाऱ्यांना प्लॅन ९ची रीत झकास, पण बाहेरून येणाऱ्याला ‘६’ बघून काहीच बोध होत नाही. लांबलचक नाव मला जास्त माणुसकीचं वाटतं.

मेकफाइलसाठी लिनक्स कर्नलची पद्धत घेतली: एक उपसर्ग द्यायचा, शेवटच्या रेघेसकट, आणि तो ‘जीसीसी’, ‘एआर’, ‘स्ट्रिप’ सगळ्यांना लागतो. ‘-१५’सारख्या प्रत्ययाचीही वेगळी जागा ठेवली, कारण डेबियनवर आवृत्ती मागे येते. एनडीकेला हा साचा लागू नाही, तिथे पूर्ण नावं.

२८ ऑगस्ट

मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ‘सीएल’. फ्लॅगांची भाषाच निराळी, तेव्हा त्याला ‘सीसी’च्या साच्यात कोंबायचं नाही असं ठरलं, विंडोजवर त्याच्यासाठी सीमेक. एक गोष्ट नोंदवून ठेवतो: गिटसोबत येणाऱ्या बॅशमधून बिल्ड केलं तर ‘लिंक’ या नावानं मायक्रोसॉफ्टचा लिंकर न सापडता ग्नूच्या साधनांमधला ‘लिंक’ सापडतो, जो फक्त फाइलला हार्ड लिंक (दुसरं नाव) करतो. तो ‘जादा ऑपरँड’ अशी तक्रार करतो आणि माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. व्हिज्युअल स्टुडिओचा फोल्डर पाथमध्ये आधी आणला की सुटतं.

‘क्लँग-सीएल’वर बिल्ड झालं, पण मॅक्रो तपासताना तो मायक्रोसॉफ्टचाही मॅक्रो जाहीर करतो असं दिसलं. तपासणीच्या क्रमात क्लँग सगळ्यात वर आहे, म्हणून बदल काही लागला नाही.

२ सप्टेंबर

सगळ्या मशीनवर बिल्ड हिरवं, म्हणजे यशस्वी. वाचा-फाइलमध्ये टाकलेली सूचना अशी: सीसी आणि सीएक्सएक्स दोन्ही सोबत द्या, एकाच घराण्यातले द्या; ‘सीसी=जीसीसी-१५’ दिलंत तर ‘सीएक्सएक्स=जी++-१५’ द्यायला विसरू नका, नाही तर मॅकवर अर्धं बिल्ड ग्नूचं आणि अर्धं ॲपलचं होतं आणि दोघांच्या सी++ लायब्ररी एकमेकींशी जुळत नाहीत. बिल्डच्या शेवटी स्क्रिप्ट आता कंपायलरचा पूर्ण पाथ आणि त्यानं स्वतःची दिलेली ओळख लॉगमध्ये लिहिते. तक्रार पाठवणाऱ्यानं तो लॉग जोडायचा.

राहिलेलं: ‘सी१७’ कमांड सिस्टिममध्ये येईल तेव्हा सी९९चा फ्लॅग बदलून सगळ्या चाचण्या परत चालवणं. फाँटांच्या तक्त्यांची फाइल सी२३वरही स्वच्छ कंपाइल होते, हे आज जीसीसी-१५वर तपासलं.